भुलीतून जागे होताना

शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरचे बाक आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. आत आपले माणूस असते आणि बाहेर आपण घड्याळाकडे पाहत बसलेले असतो. मग दार उघडते, शल्यविशारद तोंडावरचा फडका खाली करीत बाहेर येतात आणि म्हणतात, ‘ऑपरेशन चांगले झाले.’ तेवढे शब्द ऐकले की कुणी हात जोडते, कुणी गावाकडे फोन लावते, कुणी चहाच्या शोधात जिना उतरू लागते. संकट टळले अशी आपली समजूत होते. परंतु त्या क्षणी आतमध्ये आणखी एक व्यक्ती रुग्णाच्या उशाशी उभी असते आणि तिचे काम संपलेले नसते. ती असते भूल देणारी डॉक्टर. रुग्णाला निजविणे जितके तिचे काम, तितकेच त्याला सुखरूप जागे करणे हेही तिचेच काम. विशेषतः शस्त्रक्रिया मानेवरची असेल, तर शेवटच्या टाक्यापासून रुग्णाने डोळे उघडेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे फार मोलाची असतात. त्या मिनिटांत आलेली खोकल्याची एक उबळ दोन-तीन तासांच्या नाजूक कामावर पाणी फिरवू शकते. ही उबळ का येते, ती का टाळायची आणि ती टाळण्यात आपला, म्हणजे रुग्णाचा व त्याच्या घरच्यांचा, वाटा कोणता, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नव्हे. इतिहास घेऊन एम.ए. झालो आणि पुढे सरकारी कचेरीत कागदांवर शेरे मारण्यात वर्षे गेली. आमचे घर मोहन नगरात, दुर्ग-भिलाई या जोडशहरांच्या परिसरात. छत्तीसगडातील मराठी घराण्यांपैकी काही अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत इकडे आली. काही १९५५ साली सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने भिलाईला पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार झाल्यावर नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून आली. आमचे घर या दुसऱ्या प्रकारातले. माझे थोरले बंधू त्याच कारखान्यात, जिथे रेल्वेचे रूळ तयार होतात त्या विभागात, नोकरीला होते.

आमच्या वहिनींच्या गळ्यावर दहा-बारा वर्षांपासून एक गाठ होती. प्रथम ती सुपारीएवढी होती, पुढे लिंबाएवढी झाली. वहिनी पदर गळ्याभोवती ओढून घेत आणि विषय टाळीत. पण पुढे रात्री उताणे निजले की श्वास अडखळू लागला, घास गिळताना काहीतरी अडल्यासारखे वाटू लागले. तेव्हा मात्र डॉक्टरांकडे जावेच लागले. रक्त तपासले, सुईने गाठीतील पेशी काढून पाहिल्या. गाठ घातक नव्हती. परंतु ती श्वासनलिकेवर दाब देत होती, म्हणून ती काढावी असे ठरले. तारीख मिळाली. दादांनी रजा टाकली, मीही टाकली, वहिनींची धाकटी बहीण अमरावतीहून आरक्षण करून आली.

तारखेच्या आठ दिवस आधी वहिनींना पडसे झाले, थोडा तापही आला. ताप दोन दिवसांत गेला. मागे उरला तो घशातला कोरडा खोकला. रुग्णालयात भरती होताना एक छापील कागद पुढे आला. रकाने भरणे हा तर माझा नित्याचा उद्योग. त्यात एक प्रश्न होता : ‘गेल्या काही दिवसांत सर्दी, खोकला किंवा ताप?’ मी क्षणभर थांबलो. एवढ्या खटपटीने जुळवून आणलेला योग या एका शब्दाने मोडेल, असे मनात आले, आणि मी त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘नाही’.

संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर वहिनींना पाहायला आल्या. तोंड उघडायला सांगितले, दात हलतात का पाहिले, मान मागे झुकवायला लावली. कशावरून तरी वहिनी हसल्या, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. ठसका काही थांबेना. डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली.

“ताई, हा खोकला कधीपासून आहे?” त्यांनी हिंदीत विचारले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. “भाऊजींनी लिहिलंय ना सगळं कागदावर?”

मी काय बोलणार? डॉक्टरांनी छाती तपासली आणि शांतपणे सांगितले, “उद्या नको. तीन आठवड्यांनी पाहू.”

माझा अपराध उघडकीला आला होता. पण त्याची लाज वाटण्याऐवजी मला रागच आला. मी त्यांच्या मागोमाग ओसरीपर्यंत गेलो आणि म्हणालो, “डॉक्टर, ऑपरेशन मानेचे आहे, छातीचे नव्हे. ताप नाही, बाकीच्या तपासण्या ठीक आहेत. मग एवढ्याशा खोकल्याचा संबंध काय?” त्या बाईंनी माझ्यावर न रागावता मला समोर बसविले आणि अर्धा तास खर्च करून तो संबंध समजावून दिला. पुढच्या तीन आठवड्यांत मी वाचून आणि विचारून त्यात भर घातली. ते सारे आता क्रमाने सांगतो.

आपल्या गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड किंवा अवटु ग्रंथी म्हणतात. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा तिचा आकार, आणि प्रौढ माणसात वजन साधारण पंधरा ते पंचवीस ग्रॅम. ती वाढली की तिला आपण गलगंड म्हणतो. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतही हाच शब्द आहे. आहारात आयोडीन कमी पडणे हे गलगंडाचे जुने आणि मोठे कारण. त्यासाठी भारत सरकारने १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोहोचविले. त्यामुळे त्या प्रकारचा गलगंड पुष्कळ कमी झाला. परंतु ग्रंथीत इतर कारणांनी होणाऱ्या गाठी राहिल्याच, आणि त्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेवाचून उपाय नसतो.

ही ग्रंथी आकाराने लहान, पण रक्ताने अतिशय समृद्ध आहे. तिच्यावर शस्त्र चालविणे एकोणिसाव्या शतकात जीवावरचे काम समजले जाई, कारण रक्तस्राव आवरत नसे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी एकेक रक्तवाहिनी धीमेपणाने बांधत जाण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा दहाहून अधिक होते. आयुष्याच्या अखेरीस ते शेकडा एकाच्याही खाली आले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते या ग्रंथीवरील कार्यासाठीच. आजही शल्यविशारदाचा बराचसा वेळ याच कामात जातो. बारीक शिरा शोधायच्या, त्या बांधायच्या किंवा उष्णतेने बंद करायच्या, आणि शेजारून जाणारी स्वरयंत्राची नस जपायची.

आता भुलीकडे वळू. गंमत अशी की, आधुनिक भुलीचा जन्मच मानेवरील शस्त्रक्रियेत झाला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला ईथर हुंगविले आणि जॉन वॉरन या शल्यविशारदाने त्याच्या जबड्याखालील मानेतली गाठ सर्वांसमक्ष कापली. पुढच्याच वर्षी, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्याला ईथरचा प्रयोग झाला. त्या काळी रुग्णाच्या नाकातोंडावर औषधाची वाफ धरीत आणि तो आपला आपण श्वास घेई. घशात नळी नव्हती. स्कॉटलंडमधील विल्यम मॅकेवेन यांनी १८७८ साली तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याचा प्रयोग केला. पुढे १९२८ साली अमेरिकेतील आर्थर ग्वेडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी या नळीच्या टोकाजवळ फुगविता येणारा एक लहानसा रबरी फुगा बसविला. फुगा फुगला की नळीभोवतीची फट बंद होते. वरून लाळ, रक्त, ओकारी काहीही फुप्फुसात उतरू शकत नाही. लोकांची खात्री पटविण्यासाठी ग्वेडेल यांनी आपल्या कुत्र्यालाच भूल देऊन, नळी घालून, पाण्यात बुडवून ठेविले. कुत्रा पुढे जागा झाला, अंग झाडले आणि चालू लागला, असे सांगतात.

ही नळी म्हणजे रुग्णाची प्राणदोरी. मान मोकळी हवी, डोके मागे झुकवून चेहरा झाकायचा, आणि कामाची जागा श्वासनलिकेच्या अगदी दाराशी. अशा वेळी श्वासाचा मार्ग नळीवाचून सुरक्षित राहणे कठीण. परंतु जी नळी झोपेत तारते, तीच जागे होताना अडचण करते. ते कसे हे समजण्यासाठी खोकला म्हणजे काय, ते आधी पाहिले पाहिजे.

खोकल्याला आपण रोग समजतो; वास्तविक तो शरीराचा राखणदार आहे. स्वरयंत्रापासून फुप्फुसाच्या फाट्यांपर्यंत आतल्या अस्तरात अतिशय संवेदनाशील मज्जातंतूंची टोके पसरलेली असतात. भाताचे शीत किंवा पाण्याचा थेंब तेथे लागला, की व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूच्या तळाशी वर्दी जाते. तेथून हुकूम सुटतो : खोल श्वास घ्या, स्वरयंत्राचे दार घट्ट मिटा, छाती आणि पोट आवळा, आणि मग एकदम दार उघडा. कोंडलेली हवा वेगाने बाहेर पडते आणि आगंतुकाला घेऊन जाते. हे सारे आपल्या इच्छेविना, निमिषार्धात घडते.

गाढ भुलीत हा राखणदार झोपलेला असतो. म्हणून नळी घशात असूनही काही होत नाही. भूल उतरू लागली की तोही जागा होतो. पण तो आणि रुग्णाचे भान एकाच वेळी जागे होत नाहीत. ‘आता नळी काढतो आहोत, शांत राहा’ हे समजण्याइतके भान येण्यापूर्वीच राखणदार उठून बसतो, आणि पाहतो तो काय, घराच्या दारात परका माणूस! तो त्याला हाकलण्यासाठी सर्व बळ लावतो. नळी मध्ये असल्याने स्वरयंत्राचे दार मिटत नाही, म्हणून खराखुरा खोकला साधत नाही. पण छाती आणि पोट पुनःपुन्हा आवळले जाते, अंगाला हिसके बसतात.

यात मानेला धोका कोणता? आपण कधी जोराने खोकणाऱ्या माणसाकडे निरखून पाहा. त्याचा चेहरा लाल होतो, मानेवरच्या शिरा दोरासारख्या फुगून येतात. छातीतील दाब वाढल्यामुळे डोक्याकडून हृदयाकडे परतणारे रक्त वाटेतच अडते आणि ते मानेच्या शिरांत तुंबते. आता अशी कल्पना करा की, याच मानेत घटकेपूर्वी शल्यविशारदाने अनेक बारीक शिरा बांधल्या आहेत. काही शिरा तर शांत स्थितीत दाब कमी म्हणून आपोआप मिटल्या होत्या, त्यांतून रक्त येत नव्हते म्हणून त्या दिसल्याही नव्हत्या. उबळ आली, दाब चढला, एखादी गाठ सुटली किंवा एखादी मिटलेली शीर उघडली, की आत रक्त झिरपू लागते.

पायाला किंवा पोटाला असे रक्त साठले तर वेळ मिळतो. मानेत मिळत नाही. तिथे जागाच थोडी. साठलेले रक्त आजूबाजूच्या शिरा दाबते, त्यामुळे स्वरयंत्राच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि श्वासाची वाट आतून अरुंद होत जाते. असा रक्तसंचय शंभरात सुमारे एखाद्याच रुग्णाला होतो, आणि त्याचे एकमेव कारण खोकला नव्हे. वाढलेला रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे, ओकाऱ्या हीही कारणे असतात. परंतु तो झाला तर तासा-दोन तासांत, कधी मिनिटांतही, प्राणावर बेतते. बहुतेक प्रसंग पहिल्या चोवीस तासांत घडतात.

हे ऐकल्यावर मी डॉक्टरांना विचारले, “मग खोकला पार बंदच का करीत नाही?” त्या म्हणाल्या, “राखणदाराला ठार मारले, तर उद्या चोर आला की कोण उठवणार?” जागे होताना घशात लाळ असते, थोडे रक्त असते, पोटातून आंबट पाणी वर येऊ शकते. त्या वेळी खोकला नसेल तर ते थेट फुप्फुसात जाईल. तेव्हा राखणदाराला मारायचे नाही, तो चवताळून उठणार नाही एवढेच पाहायचे. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे सारे कौशल्य या तारेवरच्या कसरतीत असते.

दादा शेजारी बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, “आमच्याकडे रुळाचं असंच आहे. तापवणं सोपं, निववणं कठीण. तापलेला रूळ एकदम थंड केला तर आत बारीक भेगा पडतात, वरून दिसतही नाहीत.” डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, “अगदी बरोबर.”

मग हे निववणे कसे साधतात? त्याचे अनेक मार्ग आहेत आणि त्यांची सुरुवात शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधी होते. नळी योग्य मापाची निवडायची. उगाच जाड नको. फुग्यातील हवेचा दाब मोजून ठेवायचा. पाण्याच्या स्तंभाच्या वीस ते तीस सेंटिमीटरइतका तो पुरेसा असतो. त्याहून जास्त झाला तर श्वासनलिकेचे अस्तर चेपून दुखावते. नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरला असेल तर तो फुग्यात शिरून दाब वाढवितो, त्यावरही नजर ठेवावी लागते. घशातील लाळ-रक्त शोषून घ्यायचे ते रुग्ण गाढ झोपेत असतानाच, जागा होत असताना नव्हे. जखमेवर पट्टी बांधताना डोके हलले की नळीही आत हलते. म्हणून तेही हलक्या हाताने. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल पुरता उतरला आहे याची खात्री करून घ्यायची. ओकारी होऊ नये म्हणून आधीच औषध द्यायचे, कारण ओकारीनेही शिरांवर तसाच ताण पडतो.

औषधांतही निवड आहे. भूल वायूने टिकविण्याऐवजी शिरेतून प्रोपोफोल हे औषध देत ठेवले, तर जाग पुष्कळदा अधिक शांत येते. लिडोकेन हे औषध स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली तयार केले; दात काढताना हिरडी बधिर करायला ते वापरतात, हे आपल्याला माहीत असते. तेच नळी काढण्यापूर्वी बेताच्या मात्रेत शिरेतून दिले, किंवा नळीच्या फुग्यात हवेऐवजी भरले, तर घशातील मज्जातंतूंची टोके मवाळ होतात. अफूच्या वर्गातील औषधे खोकल्याच्या केंद्राला आवर घालतात. त्यांतले रेमिफेंटानिल हे तर रक्तातच विघटन पावते, आणि थेंब बंद केल्यावर काही मिनिटांत त्याचा अंमल ओसरतो. म्हणून ते अगदी मंद धारेने चालू ठेवून रुग्णाला जागे करता येते. डेक्समेडेटोमिडीन या औषधाने रुग्ण गुंगीत राहतो, पण हाक मारली की ओ देतो. मात्र त्याने नाडी मंदावू शकते. प्रत्येक औषधाचा असा गुण आणि दोष तोलून, समोरच्या माणसाचे वय, हृदय आणि वजन पाहून मात्रा ठरते. अमुक औषध दिले म्हणजे झाले, असे यात नाही.

नळी केव्हा काढायची, याविषयीही दोन वाटा आहेत. एक, रुग्ण गाढ झोपेत असतानाच ती काढणे. खोकला येत नाही, पण त्यानंतर श्वासाची वाट मोकळी राखण्याची जोखीम असते. ज्यांना नळी घालणेच अवघड गेले, जे फार स्थूल आहेत, ज्यांच्या पोटात अन्न असण्याची शंका आहे, त्यांच्यासाठी ही वाट नव्हे. दुसरी वाट, रुग्ण डोळे उघडून सांगितले तसे करू लागल्यावरच नळी काढणे. ही अधिक सुरक्षित, पण येथे राखणदाराला औषधांनी थोपवून धरावे लागते. या दोहोंमधली तिसरीही एक युक्ती आहे. आर्ची ब्रेन या इंग्रज डॉक्टरांनी १९८१ साली स्वरयंत्राच्या वर टेकणारा एक मऊ मुखवटा शोधून काढला. रुग्ण झोपेत असताना तो बसवायचा आणि मग नळी काढून घ्यायची. मुखवटा श्वासनलिकेत शिरत नाही, म्हणून जागे होताना तिथे बोचणारे काही उरत नाही.

आता माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर आपल्या ध्यानी आले असेल. सर्दी-पडशाने घशाचे अस्तर सोललेल्या त्वचेसारखे हुळहुळे होते. ताप गेला तरी हा हुळहुळेपणा काही आठवडे टिकतो. एरवी नळी सहन करणारा राखणदार अशा वेळी जरा स्पर्श होताच उसळतो. वर सांगितलेले सारे उपाय करूनही तो आवरेलच असे नाही. शस्त्रक्रिया तातडीची असती तर ती जोखीम घेतलीच असती. वहिनींची तातडीची नव्हती. दहा वर्षे थांबलेली गाठ आणखी तीन आठवडे थांबू शकत होती. मी मात्र एका शब्दाने डॉक्टरांच्या हातातील सर्वांत सोपा उपाय काढून घेतला होता.

तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली. वहिनींना जागे होण्याविषयी विचारले तर त्या म्हणाल्या, “कुणीतरी कानाशी हळूच म्हणालं, ताई, डोळे उघडा. मी उघडले. घशातून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं, बस.” आवाज दोन दिवस घोगरा होता, मग पूर्ववत झाला. पहिल्या रात्री मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. उशाकडची बाजू उचललेली होती. काय पाहायचे ते परिचारिकेने मला सांगून ठेवले होते : मानेला फुगवटा येतो का, गळा आवळल्यासारखे वाटते का, श्वासाला घरघर लागते का, गिळणे अवघड होते का, रुग्ण कारणावाचून बेचैन होतो का. यांपैकी काहीही दिसले तर थांबायचे नाही, हाक मारायची. इंग्लंडमधील तज्ज्ञ मंडळींनी २०२२ साली या विषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. श्वास धोक्यात आला तर शस्त्रक्रियागृहाची वाट न पाहता खाटेवरच टाके उघडून साठलेले रक्त मोकळे करावे आणि त्यासाठीचे साहित्य रुग्णाच्या जवळ तयार असावे, असे त्यांत सांगितले आहे. त्या रात्री मी कितीदा तरी त्या मानेकडे पाहिले. काही झाले नाही. पहाटे वहिनींनी चहा मागितला.

श्रोतेहो, आपल्या घरी कुणावर अशी शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सर्दी, खोकला, दमा असेल तर तो सांगावा, कितीही किरकोळ वाटला तरी. विडी, सिगारेट असेल तर ती तारीख ठरताच सोडावी. शेवटच्या दिवशी नव्हे, काही आठवडे आधी. तंबाखू, आणि आमच्या छत्तीसगडात दातांना लावतात तो गुडाखू, हीही व्यसने लपवू नयेत. घेत असलेल्या सर्व औषधांची नावे दाखवावीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ एनालाप्रिल किंवा रामिप्रिल यांनी, काही लोकांना कोरडा खोकला येतो. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा संबंध तर उघडच आहे. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळावी. साधारणतः अन्न सहा तास आणि पाणी दोन तास आधी वर्ज्य असते. ‘एवढासा चहा’ घेतला असेल तर तोही सांगावा.

भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नाव आपल्याला बहुधा ठाऊकही नसते. त्यांचे काम उत्तम झाले म्हणजे रुग्णाच्या आठवणीत काहीच उरत नाही, आणि म्हणूनच त्यांचे आभार मानायला कुणी जात नाही. मीही गेलो तो भांडायला. आज कचेरीत कुणाचा अर्धवट भरलेला अर्ज समोर आला की मला तो रकाना आठवतो. सरकारी कागदावर खोटा शब्द लिहिला तर फार तर फाईल अडते. रुग्णालयाच्या त्या कागदावरचा शब्द मात्र उशाशी उभे राहणाऱ्या माणसासाठी असतो. तो खरा लिहावा.